गाडीवार अपॉइंटमेंट

अपॉइंटमेंट या शब्दाचा आमच्या घरात एकच अर्थ होता: नोकरी लागणे. कुणाची अपॉइंटमेंट झाली की पेढे यायचे आणि पुढे वर्षभर त्याचं उदाहरण आम्हाला ऐकवलं जायचं. वेळ ठरवून भेटण्यालाही हाच शब्द आहे, हे मला पुण्याच्या डेंटल कॉलेजात गेल्यावर कळलं. तिथे मैत्रिणीच्या खोलीवर जायचं तरी आधी फोन करावा लागे. आमच्या अकोल्यात माणूस आधी घरात येतो, पाणी पितो, आणि मग विचारतो की तुम्ही कुठे बाहेर तर निघाला नव्हता ना.

शिकून परत आले आणि बस स्टँडजवळ दातांचा दवाखाना उघडला. दारावर पाटी लावली: वेळ घेऊनच यावे. टॅबलेटवर अर्ध्या अर्ध्या तासाचे सुंदर निळे चौकोन केले. पहिल्याच दिवशी भाजीची टोपली घेऊन एक आजी आत आली. अपॉइंटमेंट घेतली आहे का, असं मी विचारलं. आजीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मले काय नोकरीले लागाचं हाये, बाई? दात काढाचा हाये."

महिन्याभरात माझे चौकोन पार कोलमडले. साडेचारचा पेशंट सकाळी नऊलाच येऊन बसायचा, कारण त्याच्या गावाहून गाडीच ती एक. अकराचा पेशंट दोनला उगवायचा आणि वर मलाच जेवलीस का म्हणून विचारायचा. माझा राग तसा नाकावरच असतो. मी ओरडायचे, लोक समजुतीनं माना डोलवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अशाच एका संतापात मी पुण्याच्या एका हॉस्पिटलात अर्ज केला होता. तिथून पत्र आलं. घरच्या अर्थाची, पेढेवाली अपॉइंटमेंट. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. मी ते पत्र बाबांपुढे ठेवलं आणि सांगून टाकलं, की महिनाअखेरपर्यंत दवाखान्याची घडी बसली तर ठीक, नाहीतर मी चालले. बाबांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याआधी दवाखान्यात जाऊन काउंटरवर बसले.

बाबा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी अकोट रस्त्यावर गेली. त्यांनी माझा टॅबलेट खणात नॅपकिनखाली ठेवला, एक लांबोडं रजिस्टर काढलं आणि अपॉइंटमेंटा गाडीवार लिहायला घेतल्या. सकाळची अकोट: चार. दर्यापूर: दोन. अमरावती जलद: एक, घाईत आहे. शेरा म्हणून पुढे 'खालची दाढ, रडते' असंही असे. मी म्हटलं, याला अपॉइंटमेंट म्हणत नाहीत, याला रिझर्वेशन म्हणतात. त्यात फरक काय, असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

पाच खुर्च्यांच्या त्या खोलीत ते लोकांना "मांगं सरका, मांगं जागा हाये" म्हणत. पुढचा पेशंट पाठवायचा झाला की माझ्या दारावर पेनानं दोनदा टकटक. थांबायचं असेल तर एकदा. कंडक्टरच्या घंटीची ही खूण आयुष्यभर एसटीनं प्रवास केलेल्या लोकांना न सांगताच कळे. एका मास्तरांनी तर तोंडात माझी दोन हत्यारं असताना दोन टकटक ऐकली आणि सरळ उठून उभे राहिले. गाडीला उशीर झाला की बाबा डेपोतल्या जुन्या मित्राला फोन लावत आणि गाडी वाटेतल्या कुठल्या गावाला पोचली याची बातमी मला दारातून देत, "तुहं रूट कॅनॉल आजून चोहोट्ट्यालेच हाये."

मी दात ओठ खात होते, पण हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कुणी ताटकळत नव्हतं. ज्या गाडीनं माणूस आला त्याच्या परतीची गाडीही बाबांच्या डोक्यात असे, आणि त्या हिशेबानं ते त्याला आत सोडत. तिसऱ्या आठवड्यात तर मी जेवणाच्या वेळेला चक्क जेवले. बाबांजवळ मात्र हे कबूल केलं नाही. पुण्याच्या पत्राला उत्तरही दिलं नाही, हो म्हणून नाही की नाही म्हणून नाही.

त्याच सुमाराला बाबा चहा एका बाजूनं प्यायला लागले. भाकरी वरणात बुडवून, कुस्करून खाऊ लागले. दाढ दुखते का, असं मी विचारलं की सुपारी लागली म्हणायचे. आमच्या घरात सुपारी कुणी खात नाही.

एके दुपारी ते स्टँडवर गाडी बघायला गेले. पुढे कोण आहे ते पाहायला मी रजिस्टर ओढलं. त्या दिवसाच्या पानावर शेवटची ओळ होती: 'शेवटची गाडी गेल्यावर. घरचा माणूस, एक. दाढ.' पुढे शेरा: 'उद्या.' मी मागचं पान उलटलं. तीच ओळ, तोच शेरा. त्याच्या मागच्या पानावरही तेच. पार पहिल्या पानापर्यंत.

माझं डोकंच फिरलं. अख्ख्या जिल्ह्याच्या दाढा माझ्यासमोर, आणि माझ्या बापाची दाढ दाराबाहेर किडते आहे. बाबा आले तशी मी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं, दिवा लावला आणि विचारलं, की इतकी भीती वाटत होती का.

"भेव तं वाटतेच," ते दिव्याकडे बघत म्हणाले. "पन त्याच्यासाठी नाई. तुह्या हातचं घरचं येक काम बाकी असलं, तं तू जाशीन कशी, असं वाटे मले."

तोंडावर मास्क होता म्हणून बरं. मला रडू आलं होतं, आणि हातात इंजेक्शन असताना डॉक्टरनं रडलं तर पेशंट पळून जातो.

दाढ उघडली. मध्येच त्यांनी खुर्चीच्या दांडीवर बोटानं एकदा टकटक केलं. मी थांबले. त्यांनी श्वास घेतला, डोळे घट्ट मिटले, आणि दोनदा टकटक केलं. मी पुढे काम सुरू केलं.

काम एका बैठकीत होण्यासारखं नव्हतंच. ते काउंटरवर येऊन बसले, तेव्हा मी रजिस्टर ओढलं आणि पुढची तारीख लिहिली. एक तारीख, सकाळी अकरा. त्यांनी चष्मा लावला. ती तारीख कसली आहे हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. मग पेन घेऊन त्यांनी अकरा खोडले.

"त्या टायमाले अकोटवाले येतेत," बधिर ओठांनी ते म्हणाले. "मले शेवटच्या गाडीनंतर टाक."