जळोचीतला पेंग्विन

दुकानाच्या पायरीवर दोन्ही पाय जुळवून, पोट किंचित पुढे काढून तो उभा असायचा आणि त्याच्या पावलांवर त्याची दहा महिन्यांची लेक बसलेली असायची. कुणी काही विचारायच्या आतच उत्तर यायचं, "जिमिनीला लागू द्यायचं न्हाय."

जळोचीत त्याचं गाद्यांचं दुकान आणि शेजारी माझं झेरॉक्सचं. त्याची बायको पोलीस भरतीत निवडली गेली आणि नऊ महिन्यांच्या ट्रेनिंगला लांब गेली. तिथे मूल नेता येत नव्हतं. तान्ही पोर टाकून कसली नोकरी, सुनेला परत बोलाव, असं त्याच्या अम्मींचं म्हणणं. हा शांतपणे म्हणाला, "नऊ म्हैने तिनं पोटात सांभाळली. आता नऊ म्हैने माझे." अम्मींनी त्या दिवसापासून लेकाशी अबोला धरला. नातीचा वरणभाताचा डबा मात्र रोज यायचा.

पेंग्विन त्याला मोबाइलवर भेटला. पोरीला झोपवताना कुठलासा व्हिडिओ लागला आणि आमच्या दुकानांच्या ओळीला दुसरा विषय उरला नाही. बाहेर डांबर पाघळतंय आणि हा आम्हाला बर्फाच्या गोष्टी सांगतोय. मादी अंडं घालते आणि पोट भरायला समुद्रावर जाते. नर ते अंडं पावलांवर घेतो, वरून पोटाची घडी पांघरतो आणि झोंबऱ्या वाऱ्यात दोन महिने उपाशी उभा राहतो. अंडं बर्फाला टेकलं की संपलं. पोटाची घडी तर तुझ्याकडे लग्नाआधीपासून आहे, असं मी म्हटलं. त्याला ते कौतुक वाटलं.

खरी अडचण कापसाची होती. पिंजायचं मशीन सुरू झालं की पोरीला ठसका लागायचा आणि लग्नसराईच्या ऑर्डरी तर सोडता येत नव्हत्या. मग त्याने पेंग्विनांचा दुसरा कायदा काढला. थंडीत ते सगळे एकमेकांना चिकटून उभे राहतात आणि कडेला वारा खाणाऱ्याला पाळीपाळीने आत घेतात. आता या कायद्याचा जळोचीशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. आम्हीही विचारलं. "आज वाऱ्याच्या कडंला तुमी, तात्या," असं म्हणून त्याने पोरगी माझ्या मांडीवर ठेवली आणि मशीन सुरू करायला गेला.

सकाळी सलूनवाला, दुपारी मी, संध्याकाळी भाजीवाली मावशी अशा पाळ्या लागल्या. माझ्या पाळीत पोरीने एका गिऱ्हाइकाचा सातबारा कोपऱ्यातून चघळला. मी गयावया करू लागलो, तर तो शेतकरी म्हणाला, "चावू द्या. भावकीचीच नावं हायेत त्यात."

ट्रेनिंग संपत आलं, बायकोची शेवटची परीक्षा तोंडावर आली आणि नेमका पोरीला ताप भरला. डॉक्टरांनी साधा ताप आहे म्हणून औषध दिलं, पण अम्मींना ते पटेना. त्या दुकानात येऊन बसल्या आणि लेकाशी बोलायचं नाही म्हणून मला म्हणाल्या, "तात्या, सांगा ह्याला. सुनंला बोलवून घे म्हणावं." ती अर्ध्यात निघून आली असती तर नोकरी हातची गेली असती. हे त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं. तरी मला वाटलं, बोलवावं.

तो रविवार होता, तिच्या फोनचा वार. फोन वाजला तेव्हा पोरगी त्याच्या खांद्यावर किरकिरत होती. तिकडून तिने विचारलं असणार, का रडते म्हणून.

"माझं गाणं ऐकून रडतीय," तो म्हणाला. "तू पेपर दे."

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. "तात्या, काय झालं तर ओ?" त्याने विचारलं. परक्याच्या पोरासाठी मी इतका कधी घाबरलो नव्हतो. अम्मी उठल्या, पदर ओला करून त्यांनी नातीच्या कपाळावर ठेवला आणि संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत. मंगळवारी ताप उतरला आणि त्याचं श्रेय आम्ही ओळीतल्या सगळ्यांनी घेतलं.

पुढे बायकोची नेमणूक इंदापूरला झाली आणि सगळं बिऱ्हाड तिकडे गेलं. त्याच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात. विकणारा मुलगा सज्जन आहे, पण त्याच्याशी बोलायचं काय? मला अजून आठवतो, त्याची बायको ट्रेनिंगहून परतली तो दिवस.

ती खाकी कपड्यांत रिक्षातून उतरली आणि पोरीने तिला ओळखलंच नाही, बापाच्या मानेत तोंड खुपसलं. बिचारीचा चेहरा पडला. पिल्लं आईबापांना आवाजावरून ओळखतात असं याने आम्हाला सांगितलं होतं, पण पोरीने काही तो व्हिडिओ पाहिला नव्हता. आईने हळूच हाक मारली, "गुड्डे." पोरीने झटकन बापाच्या खिशातल्या फोनकडे पाहिलं. आईने पुन्हा हाक मारली. पोरीने खिशाकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले.

हात मोकळे झाल्यावर तो समोरच्या हॉटेलात गेला आणि खाली मान घालून जेवत सुटला. कितीतरी महिन्यांत मी त्याला बसून जेवताना पाहिलं नव्हतं. हॉटेलवाला न विचारता रस्सा वाढत राहिला. लेकाशी अबोला अजून सुटला नव्हता म्हणून अम्मी माझ्या दुकानात बसल्या होत्या. त्या उठून तिकडे गेल्या, त्याच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"हळू खा रं," त्या म्हणाल्या.