उठून दाखवा

व्हॅलेहोतल्या त्या सहा खाटांच्या वृद्धाश्रमात सरकारी तपासनीस न सांगता येणार, असा कॅलिफोर्नियाचा नियम. पण फिलिपिनो मालकिणींपुढे नियमाची काय टाप! पलीकडच्या गावात एकीच्या दारी तपासनीसाची गाडी थांबली, की चर्चमधल्या साऱ्या जणींचे फोन वाजायचे. इथल्या मालकीण झेनायदाबाईंचा वाजला सोमवारी. म्हणजे आठवडाभराची सवड होती.

मग धांदल उडाली. औषधांच्या कपाटाला नवं कुलूप, तारीख उलटलेले डबे कचऱ्यात. म्हाताऱ्यांचं सगळं करणारी नेनिता नियम मोडून गॅरेजमध्ये निजायची, तिची घडीची खाट शेजाऱ्यांकडे गेली. सगळं निभावलं आणि झेनायदाबाईंनी युनिस हॅल्वर्सन या म्हातारीची फाईल उघडली. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी लिहिलेलं होतं: आधाराशिवाय चालते, हाताने जेवते. आश्रमाचा परवानाही तशाच माणसांचा होता. आग लागली तर आपल्या पायांनी दाराबाहेर पडणाऱ्यांचा.

"नेनिता, ही स्वतःहून शेवटची कधी उठली गं?"

"मी असताना लोलाला उठायची काय गरज, अते?" नेनिता अभिमानाने म्हणाली. लोला म्हणजे आजी. झेनायदाबाईंना ती अते म्हणायची, मोठी बहीण.

"देवा! कुणी सांगितलं होतं तुला?"

कुणी कशाला सांगायला हवं? नेनिताच्या गावी म्हाताऱ्या माणसाला स्वतः उठून पाणी घ्यावं लागलं, तर घरच्यांना तोंड दाखवायला जागा राहत नाही. तिची स्वतःची आई गेली तेव्हा कागदपत्रांअभावी ती गावी जाऊ शकली नव्हती. आईची राहिलेली सगळी सेवा तिने युनिसला केली. भरवलं, मोजे घातले, उचलून खुर्चीत बसवलं. युनिस सुरुवातीला म्हणायची, "अगं, मला येतं!" नेनिता ऐकायची नाही. पुढे युनिसने म्हणणंच सोडलं.

आता तालीम सुरू झाली. तपासणीत टिकली नाही तर युनिसला नर्सिंग होममध्ये हलवणार, हे नेनिताला पक्कं ठाऊक होतं.

"लोला, ऊठ. मी हात लावणार नाही."

पहिल्या दिवशी युनिसला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं काही चुकलं का गं? रागावलीस?"

नेनिताचं काळीज तुटत होतं, पण ती हलली नाही. पाचव्या दिवशी वॉकर धरून युनिस अर्धं मिनिट उभी राहिली आणि दोघी वेड्यासारख्या हसल्या.

तपासनीस मिसेस प्रुइट आल्या पुढच्या आठवड्यात, गुरुवारी. बाई शांत होत्या, आवाजही गोड. झेनायदाबाई नेनिताच्या कानात पुटपुटल्या, "हात मागे ठेव. मेलीस तरी पुढे करू नकोस."

"मिसेस हॅल्वर्सन, आग लागली तर काय कराल?"

"नेनिताला हाक मारीन," युनिस आनंदाने म्हणाली.

"आणि ती नसली तर? जरा उठून दाखवता?"

युनिसने वॉकरकडे पाहिलंही नाही. रोजच्यासारखे दोन्ही हात नेनिताकडे उचलले आणि वाट पाहत राहिली. नेनिता भिंतीला टेकून उभी. म्हातारीचे हात थरथरायला लागले, तरी खाली येईनात.

"नेनिता, अजून रागावलीयस?"

नेनिताला राहवलं नाही. धावत जाऊन तिने युनिसला उचललं, एका दमात, तीन वर्षांच्या सवयीने.

मिसेस प्रुइटनी लिहून घेतलं. मग फाईल चाळत विचारलं, "या चालत आल्या होत्या. मध्ये पडल्या का?"

"नाही."

"काही आजार?"

"नाही, मॅडम. मी कधी काही होऊ दिलं नाही."

"मग पाय वापरलेच गेले नाहीत," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर नेनिताला उलटून बोलता तरी आलं असतं.

महिन्याभराने युनिसला स्टॉक्टनच्या नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे बारा खाटांमागे एक बाई. गाडीत बसवायला आलेल्या माणसापुढेही युनिसने तसेच हात उचलले. तो फोनवर बोलत होता.

इकडे तिच्या रिकाम्या खोलीत टेट नावाचे म्हातारे आले, काठी टेकत पण चालत. दुसऱ्याच दिवशी जेवताना त्यांचा चमचा खाली पडला.

"पोरी, कंबर धरलीय. जरा देतेस?"

"तुम्हीच घ्या," नेनिता म्हणाली.

टेबलाची कड धरून, कण्हत, ते वाकले. चमचा हाती यायला दोन मिनिटं लागली. नेनिता मांडीखाली हात दाबून बसली होती. संध्याकाळी टेट मुलीला फोनवर सांगत होते, "इथली बाई दगड आहे दगड!"

झेनायदाबाईंनी ते दारातून ऐकलं. "आता शिकलीस हो काम," त्या नेनिताला म्हणाल्या, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तिची पाठ थोपटली.