फलकावरचे काका

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडं होती आणि पंप एकच होता. त्या पंपाची किल्ली तळमजल्यावरच्या काकांच्या जानव्याला बांधलेली असायची. काका सोसायटीचे सेक्रेटरी. रिटायर झाल्यापासून त्यांचा सगळा जीव पाण्यात. नळातून हवेचा पहिला सूंसूं आवाज आला की कमरेला पंचा असो, तोंडाला साबण असो, काका पंपाच्या खोलीकडे धावत सुटायचे. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होते आणि असली माणसं कागदावर पकडायची मला खोड होती.

स्टेशनजवळच्या एका आर्किटेक्टकडे मी ड्राफ्ट्समन होते. बाईला निराळं काही म्हणायची पद्धत नव्हती आणि मलाही त्याचं सुखदुःख नव्हतं. दिवसभर लोकांच्या न्हाणीघरांचे नकाशे काढून डोकं भणाणलं की उरलेल्या ट्रेसिंग पेपरच्या पट्टीवर मी चार चौकटी आखायचे. एका शनिवारी त्या चौकटींतून काका पंचा सावरत धावले. साहेबांनी पाहिलं, हसले, आणि नकाशांबरोबर त्याचीही एक अमोनिया प्रिंट, म्हणजे निळ्या रेघांची नक्कल, काढायला परवानगी दिली. संध्याकाळी घरी येताना ती निळसर प्रिंट मी सोसायटीच्या फलकावर पाण्याच्या वेळांच्या नोटिशीशेजारी टाचली आणि खाली ‘क्रमशः’ लिहिलं. पुढे काय होणार याचा मला काडीचाही पत्ता नव्हता.

पण क्रमशः म्हटलं की माणसाला चैन पडत नाही. पुढच्या रविवारी दूध घेऊन येणारे लोक फलकापाशी रेंगाळले, आणि मग शनिवारी लावायचं, रविवारी वाचायचं हे ठरूनच गेलं. शेजारच्या इमारतीनं एक प्रिंट मागितली, मग वाचनालयवाल्या बाईंनी, मग इस्त्रीवाल्यानं. आठवड्याला पाच-पाच प्रिंटा निघू लागल्या तसं साहेबांचं हसू आटत गेलं.

चार वर्षं हे चाललं. चित्रातले काका टाकीवर चढले, टँकरवाल्याशी भांडले, पंपाच्या खोलीत स्वतःलाच कोंडून बसले. खरे काका मात्र त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. जिन्यात भेटले तर ऑफिसची चौकशी करायची आणि पुढे व्हायचं. मला वाटायचं, राग गिळतायत. आई तर रोज बजावायची, की वडीलधाऱ्या माणसाची टिंगल चाललीय, एक दिवस आपलं पाणी बंद होईल.

माझी काम करायची एक रीत इथेच सांगून टाकते, कारण पुढे सगळं तिच्यावरच अडलं. जिना, पंपाची खोली, गच्चीवरची टाकी दर आठवड्याला नव्यानं काढायचा मला कंटाळा. ट्रेसिंग पेपरवरची शाई अर्ध्या ब्लेडनं हलक्या हातानं खरवडली की निघते; नकाशातली चूक आम्ही तशीच दुरुस्त करायचो. मग मी मागच्या आठवड्यातली माणसं आणि त्यांचं बोलणं तेवढं खरवडून टाकायचे आणि त्याच जिन्यात नवीन माणसं उभी करायचे. कागद झिजून फाटला की दुसरा घ्यायचा. आपण किती हुशार, असं तेव्हा वाटायचं.

ऐंशीचं दशक सरता सरता काका झोपेतच गेले. फलकावरची निधनाची नोटीस मीच लिहिली, अक्षर चांगलं म्हणून. चित्रं तिथेच थांबली. काकांशिवाय त्या जिन्यात कुणाला धावायला लावावं, हे मला सुचेना.

काकूंना त्या सगळ्या वर्षांत धड दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तो पिकल्याशिवाय काढायचा नाही असं तेव्हाचं शास्त्र. काका गेल्यावर कोपरीच्या लेकीनं त्यांना नेऊन ऑपरेशन करवून आणलं. महिन्याभरानं जाड भिंगांचा चष्मा लावून, कठडा धरत, काकू दोन जिने चढून आमच्याकडे आल्या.

“ती चित्रं दे गं मला,” त्या म्हणाल्या. “सगळी दे. मी एकही पाहिलेलं नाही.”

मग त्यांच्याकडून कळलं, की काका दर रविवारी इमारत उठायच्या आधी फलकापाशी जायचे, चित्र वाचून यायचे आणि चहा पिता पिता काकूंना चौकट-चौकट करून सांगायचे. चार वर्षांत एक रविवार चुकला नव्हता. म्हणजे राग नव्हताच. पण आता त्यांना द्यायचं काय? मूळ कागद मीच खरवडले होते. अमोनियाच्या प्रिंटा उजेडात टिकत नाहीत; लोकांना दिलेल्या केव्हाच उडून गेल्या होत्या. खिडकीतल्या फळीवर ठेवलेली माझी गुंडाळी उलगडून पाहिली, तर नुसता पिवळट तपकिरी कागद.

काकूंना खरं ते सांगितलं. त्यांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, काकांचे फोटो आहेत की घरी.

“फोटोत ते फोटोवाल्याकडे बघतायत,” काकू म्हणाल्या. “तुझ्या चित्रात माझ्याकडे बघायचे. पंचा नेसून पळतायत, आणि मी दारातून म्हणते, आधी गाठ मारा, मग पाणी भरा. ते नाही का?”

मी काकूंना कधी काढलंच नव्हतं. एकदाही नाही. तळमजल्यावरच्या बंद दाराआड कुणीतरी बाई असते, हे माझ्या चित्रांच्या गावीही नव्हतं. काकांनीच दर रविवारी फलकापासून घरापर्यंतच्या वीस पावलांत बायकोला त्या चौकटींत आणून उभं केलं होतं.

काकू म्हणाल्या, मला सगळी पाठ आहेत, मी सांगते, तू काढ. मग शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसू लागले. काका टाकीवर चढतात, त्यात काकू खाली दुपारभर शिडी धरून उभ्या. काका खोलीत कोंडले जातात, त्यात काकू फटीतून पोळी सरकवतात. शेवटचं वाक्य नेहमी काकूंचं. खोटं कशाला बोलू, काही ठिकाणी काकांनी माझ्यापेक्षा बरा शेवट केला होता, आणि ते मला झोंबलं. पण तुम्ही मूळ चित्रांत नव्हतातच, हे काकूंना सांगितलं नाही. त्या सांगत गेल्या, मी काढत गेले. या वेळी साध्या जाड कागदावर, पक्क्या शाईत.

पहिलं चित्र पुरं झालं तेव्हा त्यांनी ते डोळ्यांच्या अगदी जवळ धरून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, उद्या हे फलकावर लावू या, लोकांनाही पुन्हा बघू देत.

सोळाच्या सोळा बिऱ्हाडांनी चार वर्षं ती चित्रं वाचली होती. त्यात काकू नव्हत्या, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एखाद्यानं साधेपणानं विचारलं असतं, की अहो, काकू यात कधी आल्या, तर त्या बाईचे चार वर्षांचे रविवार तिथल्या तिथे संपले असते. दारोदार जाऊन सांगावं, तर कुणाला काय सांगणार, आणि कुठून ना कुठून त्यांच्या कानावर जाणारच. एवढी धास्ती मी कुठल्या परीक्षेची घेतली नव्हती.

रविवारी काकू इस्त्रीचं पातळ नेसून स्वतः फलकाशेजारी उभ्या राहिल्या. पिशव्या घेऊन लोक आले, थांबले, वाचू लागले. तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर आले. लग्नपत्रिकेतली चूकसुद्धा यजमानाला तोंडावर सांगणारा माणूस. त्यांनी चारही चौकटी वाचल्या, पुन्हा पहिलीपासून वाचल्या, चष्मा काढून काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“हे आठवतं मला,” मास्तर म्हणाले. “आमच्याकडे पाहुणे आलेले तेव्हा. त्यांना मुद्दाम खाली आणून दाखवलेलं.”

मग सगळ्यांनाच आठवलं. कुणी म्हणालं, हे गणपतीच्या आधीचं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, की याच्या पुढच्यात काकूंनी काकांना दिलेलं उत्तर तर याहून भारी होतं. मी खाली बघून हातातल्या टाचण्या मोजत राहिले, वर बघायची माझी छाती नव्हती.

“सांगू नका हो आत्ताच,” काकू त्यांना म्हणाल्या. “हिला अजून काढायचंय ते.”