तांबडं जाकीट

थान शिउयुन आणि मी एकाच गावच्या. दक्षिणेतल्या बुटांच्या कंपनीत चौदा वर्षं शेजारी-शेजारी बसून आम्ही बुटांच्या तळांना सोल्युशन फासलं. त्या वासानं माझं डोकं उठायचं आणि मी मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. शिउयुन खाली मान घालून माझे राहिलेले जोडही उरकायची. तिचा एकच शब्द ठरलेला, "चालेल." पाळी बदलली, चालेल. खिडकीजवळची खाट दुसरीला दिली, चालेल. नवरा कोळशाच्या खाणीत गाडला गेला आणि खाणवाल्यांनी चार गोड शब्दांत बोळवण केली, तेव्हाही ही बाई चालेल म्हणून परत आली. मला तिचा भयंकर राग यायचा.

एक्केचाळिसाव्या वर्षी ती अनाथाश्रमात गेली आणि मुलगी घेऊन आली. जन्मात पहिल्यांदा तिनं स्वतःसाठी काही मागितलं होतं. पोरीचं नाव मानमान, वय सहा. रोडकी, मोठ्या कानांची, आणि हट्टी, असं मला तेव्हा वाटलं. शिउयुननं तिला आमच्याच कंपनीच्या टाकाऊ मालातले बूट दिले होते. ते ती झोपतानाही काढत नसे.

"गादी घाण होते गं," मी ओरडायची.

"राहू दे, यिनहुआ. चालेल."

मुलगी येऊन अकरा दिवस झाले होते. नवं वर्ष तोंडावर आलं होतं आणि गावाकडे शिउयुनचे वडील शेवटच्या घटका मोजत होते. त्यांनी शेजाऱ्याकडून पत्र लिहवलं होतं, की नात एकदा दाखव, मग मी मोकळा. दोन दिवस रांगेत उभं राहून आम्ही गाडीची तिकिटं काढली.

नव्या वर्षाला लेकराच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत नवं हवं, आणि तेही तांबडं. शिउयुननं कापूस भरून स्वतः जाकीट शिवलं होतं. निघायच्या सकाळी मानमाननं दोन्ही हात अंगाशी घट्ट आवळून धरले. बाहीत हात घालायलाच तयार नाही.

"नको तर नको," शिउयुन म्हणाली.

माझं टाळकं सरकलं. "आणि गावात काय जुनेऱ्यात नेणार? लोक म्हणतील, भिकाऱ्याचं पोर उचलून आणलं!" मी तिचे हात ओढून जाकीट चढवलं. पोरगी रडली नाही, ओरडली नाही. उभ्या-उभ्या तिची चड्डी ओली झाली. ती बदलतानाही मी कुरकुरतच होते.

स्टेशनवर मुंगी शिरायला जागा नव्हती. शिउयुन नूडल्सच्या डब्यात उकळतं पाणी भरून आणायला स्टेशनातल्या गरम पाण्याच्या नळाकडे गेली. फलाटाचं फाटक उघडलं का, ते मला बघून यायचं होतं. मी मानमानला बाकावर बसवलं, हातात वाफवलेला पाव दिला आणि म्हणाले, "इथंच बस हं. अजिबात हलायचं नाही. आम्ही आत्ता आलो." हे शब्द माझे होते, शिउयुनचे नव्हते.

आम्ही परतलो तेव्हा बाकावर नुसता पाव होता, न उष्टावलेला. शिउयुनच्या हातातला डबा तिच्याच पायावर सांडला. तिला ते कळलंही नाही.

मानमान पोलिसाच्या टेबलापाशी सापडली. तांबडं जाकीट काढून, नीट घडी करून तिनं त्याच्यासमोर ठेवलं होतं.

"ही तुमची का?" पोलीस वैतागला होता. "म्हणते, मला इथं सोडून गेलेत, आश्रमात फोन लावा. नंबर पाठ आहे हिला!" मग शिउयुनकडे बोट दाखवून त्यानं पोरीला विचारलं, "काय गं, ही तुझी आई का?"

"मागची आई दुसरी होती," मानमान म्हणाली. "तिनं पण मला नवे कपडे घातले. पाव दिला. म्हणाली, इथंच बस, आत्ता आले. मी दोन दिवस बसले. आता नाही बसणार."

मला तोंड वर करवेना.

तेवढ्यात आमच्या गाडीचं नाव पुकारलं. पोलिसाला दत्तकाचे कागद बघायचे होते, आणि मानमाननं टेबलाच्या पायाला मिठी मारली होती.

"उचल तिला आणि चल!" मी म्हणाले. "बाबा वाट बघतायत."

शिउयुननं एकदा फाटकाकडे पाहिलं. मग ती पोरीसमोर फरशीवर बसली. "तू हो पुढं. बाबांना सांग, मी येतेय."

"अगं, पुढचं तिकीट कधी मिळायचं?"

मी बोचकं उचललं आणि पळाले.

तिचे वडील नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत तगले. दार वाजलं की मान वळवायचे. एकदा मला म्हणाले, "पोरगी लाजतेय का गं आत यायला?" मी म्हणाले, "हो, अंगणात आहे." त्याच सकाळी ते गेले.

वर्षाच्या चौथ्या दिवशी मी सुतकाचं पांढरं कापड घेऊन फाट्यावर बसची वाट बघत थांबले. बसमधून शिउयुन लंगडत उतरली, पायाला फडकं गुंडाळलेलं. मागून मानमान. शिउयुनचा अंगठा धरलेला, अंगात तांबडं जाकीट, बटणं वर-खाली लागलेली. स्वतःच घातलेलं दिसत होतं. स्टेशनपासून शिउयुन एकदाही तिच्या नजरेआड झाली नव्हती. पाण्याला जायचं तरी दोघी.

माझ्या हातातलं कापड पाहून शिउयुनला सगळं समजलं.

सुतकाच्या घरात लाल चालत नाही. दारावरचे नव्या वर्षाचे तांबडे कागदसुद्धा शिउयुनच्या काकांनी खरवडून काढले होते. या खेपेला मी आवाज चढवला नाही. "मानमान, जाकीट काढ हं बाळा."

तिनं एकेक बटण काढलं. जाकिटाची घडी केली आणि शिउयुनपुढे धरली. "आता मी परत जायचं ना?"

शिउयुननं ती घडी मोडली, जाकीट पुन्हा तिच्या अंगात घातलं, बटणं नीट लावली. पांढरं कापड स्वतःच्या डोक्याला बांधलं आणि तिला घेऊन चालू लागली.

अंगणाच्या तोंडाशीच काका आडवे आले. "डोकं फिरलंय का तुझं? बापाच्या शवपेटीसमोर लाल? काढ ते आधी!"

तिच्या तोंडून आता काय निघणार, हे मला पाठ होतं.

"नाही काढणार," शिउयुन म्हणाली.

"मग तूही आत यायचं नाहीस."

ती तिथंच चिखलात गुडघ्यांवर बसली. पेटी तिच्यासमोरून गेली. तिला मागून चालू दिलं नाही, की हात लावू दिला नाही. तिनं तीनदा कपाळ जमिनीला टेकवलं. तिचं बघून मानमाननंही टेकवलं.

दोघींना मी माझ्या घरी आणलं. मानमान भात खाऊन खाटेवर आडवी झाली. थोड्या वेळानं उठून बसली, पायांतले बूट काढले, खाटेखाली जोडीनं ठेवले आणि पुन्हा झोपली.

शिउयुन त्या बुटांकडे बघत राहिली. मग ती बापासाठी रडली.