साडूंच्या गाडीचं नाक

स्वतःच्या नाकापेक्षा गाडीच्या नाकाची जास्त काळजी करणारा माणूस बीड जिल्ह्यात एकच झाला, आणि तो थोरला साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. दिंद्रुडकडच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी एकतीस वर्षं फिटरकी केली. तिथं कापसाची धूळ इतकी उडायची की दुपारपर्यंत माणसांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. बाकीचे तोंडाला रुमाल बांधायचे, साडू बांधायचे नाहीत. "रुमालानं दम कोंडतो, भाऊ. हवा कशी मोकळी पायजे." निवृत्त झाले तेव्हा घराचा जिना चढताना ते दोनदा थांबत. अशा माणसानं फंडाच्या पैशातून टर्बोची गाडी घेतली. जुनी, एकसष्ट हजार किलोमीटर चाललेली. आकडा मीच वहीत लिहिला. आकडे लिहून ठेवायची मला सवय आहे आणि साडूंना त्या सवयीची कीव यायची.

टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, हे मला त्यांनीच शिकवलं. त्या पंख्यापुढं कंपनीनं फिल्टरचा बंद डबा बसवलेला, याचा त्यांना मनापासून राग. "पळ म्हनायचं अन् नाक दाबून धरायचं, कावून?" पहिल्याच आठवड्यात डबा काढून माळ्यावर टाकला. बाजारात उघडे फिल्टर मिळतात, पण ते कापसाचे असतात हे कळल्यावर विकत घेणं त्यांना अपमानाचं वाटलं. त्यांनी जाळी गोल वाकवली, तिच्यावर आक्काच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, जुन्या सुती लुगड्याचे चार पदर गुंडाळले आणि धूळ चिकटावी म्हणून वरून करडईचं तेल चोळलं. "कापसाचं मला कोन शिकवनार?" आक्का दारातून म्हणाली, "लुगडं माजं, तेल माजं, अन् नाव यांचं."

गाडी शिट्टी मारू लागली. ती सगळ्यांना ऐकू जावी म्हणून जयंतीच्या मिरवणुकीत साडूंनी गाडी जागेवर उभी करून ॲक्सिलरेटर दाबला. गल्लीतला एकजण म्हणाला, "जयभीम काका, आत डाळ शिजायला लावली का?" साडू खूष. माझ्या वहीत मात्र वेगळंच लिहिलं जात होतं. लिटरला अठरा किलोमीटर जाणारी गाडी पंधरावर आली, मग तेरावर. आधी इंजिन ऑइलचा थेंब कमी होत नसे, आता महिन्याला अर्धा लिटर घालावं लागे. "साडू, धूळ आत जातेय," मी म्हणालो. "तुमची वही घाला तिथं फिल्टर म्हनून. लई बारीक हाय ती," ते म्हणाले, आणि हसता हसता इतका खोकला आला की आक्कानं पाठ चोळली.

थंडीतल्या एका सकाळी साडूंना श्वास घेता येईना. मी मुक्कामाला होतो. ॲम्ब्युलन्स यायला तास लागेल असं कळलं, म्हणून गाडी मीच काढली. बीड साठ किलोमीटर. तेलगाव मागं पडलं आणि स्टिअरिंगपुढच्या पट्टीवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. पाय कितीही दाबला तरी काटा तिसाच्या आसपास. मागं निळा धूर. ऊस उतरवून परत निघालेला एक रिकामा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत आम्हाला ओलांडून गेला. साडूंचे ओठ काळेनिळे पडले होते, तरी बोट बॉनेटकडं. "टर्बो... भरत न्हाई... भाऊ." आक्का मागून ओरडली, "अवो, तुमी आदी सोताचं बघा!" बीडला पोचायला एक तास पन्नास मिनिटं लागली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं जुनीच खराब आहेत, पण लवकर आला असता तर इतकं झालं नसतं. किती लवकर, ते मी विचारलं नाही. आयुष्यात एवढा एकच आकडा मी विचारायचा सोडला.

मेकॅनिकनं इंजिन खोललं. करडईचं तेल वाळून हवा मोजणाऱ्या सेन्सरवर डिंकासारखं चढलं होतं. "काका, यात भजी तळली का?" त्यानं मला विचारलं. टर्बोच्या पात्यांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या झिजलेल्या, सिलिंडरवर ओरखडे. जाळी आणि पाइपच्या मधल्या फटीत माझी करंगळी जात होती. साडूंनी विचारलं तेव्हा मी तसंच सांगितलं. त्यांनी स्वतःची करंगळी डोळ्यांपुढं धरून बघितली.

आता ते घरीच असतात. दिवसाचे सोळा तास नाकात नळी. शेजारी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन घुमत असतं. त्याच्या पाठीला तळहाताएवढा एक फिल्टर आहे. दर रविवारी मी दिंद्रुडला जातो आणि तो धुतो. साडू तो हातात घेऊन उजेडात धरतात, नीट वाळला का बघतात. बसवून झाला की विचारतात, "फट न्हाई ना?" मी कडेनं करंगळी फिरवतो. "नाही." मग ते डोळे मिटतात.

मागच्या रविवारी गाडी दुरुस्त होऊन आली. माळ्यावरचा डबा पुसून मीच बसवून घेतला होता. अंगणात चालू केली. साडू नळी ताणली जाईल तेवढे खिडकीशी आले आणि कान देऊन उभे राहिले.

"शिट्टी गेली," ते म्हणाले.

मी गाडी बंद केली. आत मशीन घुमत होतं.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "डब्याचे स्क्रू तेवढे परत एकदा आवळा."