मागं हाईस ना?

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. माझ्या दाराआड एका खिळ्यावर जुन्या ट्यूब लटकलेल्या असतात, कधीतरी ठिगळाला कामी येतील म्हणून. टाकवत नाहीत, आणि बघता बघता खिळा वाकतो. आमच्या सायकलींच्या किस्स्यांचं तसंच झालंय.

आम्ही तिघं, सत्तरीच्या अल्याडपल्याडचे. रोज सकाळी वडवणीतून निघायचं, चार किलोमीटरवरच्या फाट्याला हात लावून परत यायचं. लोक विचारतात, या वयात रोज उठून जायची हौस आणता कुठून? हौस कसली. आम्ही भीतीनं जातो!

मी दगडू, चौथी शिकलेला. उभा जन्म सायकलला कॅन अडकवून डेअरीत दूध घातलं. शहाजी माझा लहानपणापासूनचा दोस्त, शेती करणारा. आणि भीमराव, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर.

*

शहाजीच्या छातीत कळ आली. बीडला नेलं, आत स्प्रिंग बसवली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की बसून राहू नका, हळूहळू सायकल सुरू करा, रोज चालवा. बसून राहिलात तर परत इथंच याल.

शहाजीनं विचारलं, "सायकलवर असतानाच बंद पडलं तर?"

डॉक्टर म्हणाले, "बाबा, ते बाजेवर बसल्या बसल्या पण बंद पडतं."

तिथून तो थेट माझ्याकडे आला. चहा पुढ्यात थंड झाला तरी कपाला हात लावला नाही. मग म्हणाला, "दगडू, तू मागं राहा. पडलो तर कुणीतरी बघितलेलं असावं."

तेव्हापासून तो पुढं, मी मागं. त्याला मागं वळून बघता येत नाही, मान वळली की हँडलही वळतं. म्हणून तो पुढं बघतच थोड्या थोड्या वेळानं विचारतो, "मागं हाईस ना?" मला पटकन बोलणं जमत नाही. मी एक बेल वाजवतो.

तीन वर्षांत मी त्याच्या तोंडापेक्षा त्याची पाठच जास्त बघितली. घामानं सदरा आधी उजव्या बाजूला चिकटतो, मग डाव्या. चढावर त्याचा खांदा जरा जरी खाली गेला की माझं काळीज हलतं.

*

दारावरच्या बेलची पद्धत भीमरावनं पाडली. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे त्याच्या अंगात मुरलेलं. दारात जाऊन सायकलची बेल दोनदा वाजवायची. आतल्यानं ओसरीवरच्या आपल्या सायकलची एकदा वाजवायची. म्हणजे थांबा, येतोय. आतून बेल आलीच नाही, तर काय समजायचं ते तिघांनाही न सांगता कळत होतं.

एका सकाळी शहाजीच्या आतून बेल आली नाही. परत दोन दिल्या. परत दोन. भीमरावनं खांद्यानं दार ढकललं, मीही जोर लावला. कडी तुटली आणि आम्ही दोघं ओसरीवर पालथे पडलो. पिठाच्या हातानं कमलवहिनी धावत आल्या. तेवढ्यात परसातल्या संडासातून आवाज आला, "कोण मेलं बे?"

वहिनींनी तुटलेली कडी उचलून माझ्या हातात ठेवली. हळूच म्हणाल्या, "माणसानं संडासला जावं का न्हाई, भाऊजी?"

दुसऱ्या दिवशी संडासाच्या दाराला आतून एक जुनी बेल बसलेली होती. अजून हाय. पाहुणे विचारतात, आम्ही सांगत नाही.

*

माणसाला भीतीचीही सवय होते. वर्षभरानं शहाजी टाळायला लागला. आज वारा हाय. आज गुडघा धरलाय. आज पाहुणे येणार हायेत. सलग चार दिवस सायकल जागची हलली नाही.

साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून भीमरावनं तीन पास तयार केले. चारी कडांना महिन्याच्या तारखा लिहिल्या. डेपोत तिकिटाची मशीन आली तेव्हा त्यानं जुना पंच मागून घेतला होता, तो खिशात घालून आला. फाट्यावर पोचलं की त्या दिवसाच्या तारखेला टक्‌ करून भोक. न गेलेली तारीख तशीच राहणार.

पास शहाजीच्या हँडलला लटकू लागला. भोक नसलेली तारीख दिसली की तो गुमान सायकल बाहेर काढायचा.

जूनचा पास करताना भीमरावनं एकतीस तारीखही लिहून टाकली. तीस तारखेला भोक पडलं, महिना संपला. दुसऱ्या दिवशी शहाजी सुकलेल्या तोंडानं आला. रात्रभर झोपला नव्हता. पास पुढं करून म्हणाला, "ही एक राहिली कावून?"

जून तीसचा असतो हे भीमरावनं सांगून पाहिलं. शहाजीला ते कळत होतं, पण कोरी तारीख बघवत नव्हती. शेवटी त्या दिवशी आम्ही फाट्यापर्यंत दोनदा गेलो. एकदा एक तारखेसाठी, आणि एकदा नसलेल्या एकतीससाठी.

*

वीटभट्टीजवळ कुत्र्यांची टोळी असते. मी आणि शहाजी तिथं उतरून सायकल हातात धरतो, नजर खाली ठेवून जातो. एकदा पाच-सहा कुत्री रस्ता अडवूनच बसली. आमची पावलं थांबली. भीमराव मागून आला आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं ओरडला, "चला, पुढं सरका, मागं लई जागा हाय!"

कुत्री उठून बाजूला झाली. भीमराव म्हणाला, "माणसं कधी इतक्या लवकर सरकली न्हाईत."

*

खरी भीती उसाच्या ट्रॅक्टरची. मागं दोन-दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, आत मोठ्यानं गाणी. त्याला आपली बेल ऐकू जात नाही. म्हणून आमचा नियम, मागून आवाज आला की उतरायचं आणि रस्ता सोडायचा.

मागच्या हंगामात तसा एक आला. भीमराव त्या दिवशी लग्नाला गेला होता, आम्ही दोघंच. मी उतरायला पाहिजे होतं. पण शहाजी अजून उतरला नव्हता, आणि मी त्याच्या पाठीकडेच बघत बेल वाजवत राहिलो. तो बाजूला झालेला दिसला. मग माझं चाक कडेच्या मुरमावरून घसरलं आणि मी खाली पाटाच्या कोरड्या चारीत.

ट्रॅक्टर गेला. धूळ बसली. वरून शहाजीचा आवाज आला, "मागं हाईस ना?"

माझी बेल माझ्यापासून दहा हातांवर, सायकलखाली.

"दगडू, मागं हाईस ना?"

त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा वळून बघितलं. धडपडत चारीत उतरला. तोंड पांढरं पडलेलं, एक हात छातीवर. माझा पाय भलत्याच बाजूला वळलेला, आणि तो मलाच रागानं म्हणाला, "बेल कावून दिली न्हाईस बे?"

*

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, तीन महिने बाज. मुलानं माझ्या मोडक्या सायकलची बेल काढून बाजेला बांधली, सुनेला हाक मारायला.

दहाव्या दिवशी कमलवहिनी आल्या. पदराआडून शहाजीचा पास काढून मला दाखवला. मी पडलो त्या दिवसापासून एकही भोक नव्हतं. म्हणाल्या, "रोज सायकल दारापर्यंत नेतेत आन परत आणून लावतेत. भ्या वाटतंय म्हणतेत. घरात नुसते बसून असतेत, भाऊजी."

मी निरोप धाडला की भीमरावला मागं घे. त्यांनी एक दिवस करूनही बघितलं. भीमराव बोलता बोलता पुढं निघून गेला, आणि शहाजी वीटभट्टीवरूनच परत फिरला.

बाराव्या दिवशी सकाळी माझ्या दारात दोन बेल वाजल्या. मी बाजेवरची बेल दोनदा वाजवली. दोन म्हणजे चला, माझ्यासाठी थांबू नका. बाहेर चाक हललं नाही. मी परत दोनदा वाजवली.

मग दार ढकलून शहाजी सायकलसकट आत आला. सून म्हणाली, मामा, आत्ताच फरशी पुसलीय. त्यानं चपला बाहेर काढल्या, सायकल तशीच आणली. माझ्या बाजेपुढं स्टँडवर लावली, पुढचं चाक भिंतीकडे, मागचं माझ्याकडे. वर बसला आणि पायडल मारायला लागला. मागचं चाक अधांतरी फिरत होतं. त्याचा वारा माझ्या तोंडावर येत होता.

भीमराव उंबऱ्यात उभा होता, एका हातात पास, दुसऱ्या हातात पंच. म्हणाला, "शहाजी, ही गाडी तर कुठं गेलीच न्हाई."

शहाजी पायडल मारत राहिला. बऱ्याच वेळानं सदरा चिकटायला लागला. आधी उजव्या बाजूला.

भिंतीकडे बघतच त्यानं विचारलं, "मागं हाईस ना?"

मी एक बेल दिली.

भीमरावनं पंच दाबला.