बदलीला कोण?

सगळ्याजणी तिला सेक्रेटरी म्हणत, तेही थट्टेने. परक्या मुलखात म्हाताऱ्यांची सेवा करायला आलेल्या बायकांची संघटना बांधायचं खूळ तिच्याच डोक्यातलं. मागणं एवढंच, आठवड्याला एक सुट्टी. पण आता प्रकरण गळ्याशी आलं होतं. सुट्टीविना राबून त्यांच्यातली धाकटी चक्कर येऊन पडली, तर त्यांना कामाला आणणाऱ्या एजन्सीने तिलाच नालायक ठरवून परतीचं तिकीट काढलं. रविवारी सगळ्यांनी मिळून एजन्सीच्या साहेबांना जाब विचारायचं ठरलं.

रविवारी ऑफिसच्या जिन्याशी सेक्रेटरी आणि धाकटी, दोघीच. फोन लावला तर एकजण म्हणाली, मी जाडी सांभाळते त्या आजोबांजवळ बसलेय, जाडी निघालीय. जाडी म्हणाली, मी मोकळी झाले म्हणून चष्मेवालीच्या आजींजवळ आले. चष्मेवाली तिसऱ्याच घरी. एरवी अडीनडीला एकमेकींच्या बदलीला जायची सवय, ती आजही इमानेइतबारे पाळली होती. सेक्रेटरीने कपाळावर हात मारला. या बायकांची संघटना करण्यापेक्षा मांजरं पाळलेली बरी, असं तिला मनापासून वाटलं.

"मग म्हाताऱ्यांना घेऊनच या," ती फोनवर सगळ्यांना म्हणाली आणि ती स्वतः सांभाळायची त्या, शेजारणीच्या भरवशावर सोडलेल्या मास्तरीणबाईंना आणायला तणतणत निघाली. या बाई उभ्या जन्मात तिच्याशी गोड बोलल्या नव्हत्या.

दुपारी ऑफिसात चाकांच्या खुर्च्यांना जागा पुरेना. साहेबांनी नियमात सुट्टी बसत नाही असं शांतपणे सांगितलं आणि हात झटकले. तेवढ्यात जाडीच्या आजोबांना लघवीला लागली. झालं, सगळ्या बायका एकदम उठल्या.

"बसा गं. आज आपली सुट्टी," सेक्रेटरी खेकसली. बसल्या बिचाऱ्या. आजोबा कळवळले, आणि कुणाला राहवलं नाही म्हणाल तर सेक्रेटरीलाच. ती निम्मी उठली तोच मास्तरीणबाईंनी तिचं मनगट धरलं.

"खाली बस. साहेब नेतील."

साहेबांनी नेलं. परत आले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि दारात चष्मेवालीच्या आजी आपला नंबर लावून बसलेल्या. साहेबांनी आजींकडे पाहिलं, मग धाकटीकडे, आणि तिकीट रद्द करायला फोन उचलला. सुट्टीचं पुढच्या रविवारी बसून ठरवू, असंही म्हणाले.

"पण त्या दिवशी बदलीला कोण?" जाडीने विचारलं. सेक्रेटरीचा हात पुन्हा कपाळाकडे गेला.

इतका वेळ मान खाली घालून बसलेली धाकटी म्हणाली, "साहेब आहेत की."